रशीद चाचांचा धुरळा

रशीद चाचा गादी उसवायच्या आधी तिला सलाम करायचे. गिऱ्हाईक "कधी मिळंन?" म्हणून विचारत उभं असे आणि हे जमिनीवर उकिडवे बसून, गादीला कान लावून हळूच म्हणत, "अस्सलाम आलेकुम. कोन हाये आत?" मग थांबत. उत्तर आल्यासारखी मान हलवत. गिऱ्हाईक नवं असलं तर ते तारीख न विचारताच निघून जाई.

धामणगाव बढेच्या बाजारगल्लीत त्यांचं पिंजणाचं दुकान आणि माझं झेरॉक्सचं दुकान एकाच भिंतीला टेकून होतं. त्यांची मशीन सुरू झाली की माझ्याकडच्या भिंतीवरचा गणपती थरथरायचा. चाचा उंच, हडकुळे. दिवसभर कापूस बसून भुवया, दाढी, पापण्या सगळं पांढरं झालेलं. दुपारी मशीन बंद करून ते दारात येऊन उभे राहिले की शेळ्यासुद्धा गल्लीच्या पलीकडून जात. एकदा नवा पोस्टमन आला होता. त्यानं पत्र उंबऱ्यावर ठेवलं, दोन्ही हात जोडले आणि पाठ न दाखवता मागं मागं गेला.

"गादी झूठ बोलत नाय," असं ते नेहमी म्हणायचे. कापूस कुठं दबला, कुठं गोळा झाला यावरून ते घरातलं सगळं सांगत, आणि तेही गिऱ्हाईकाच्या तोंडावर. एक नवरा-बायको गादी घेऊन आले. चाचांनी ती उसवली, हात फिरवला आणि म्हणाले, "मधात धुरा टाकला हाये तुमी दोघाइनं." धुरा म्हणजे शेताचा बांध. नवरा लाल झाला, बाहेर जाऊन तंबाखू मळत बसला. बायको मात्र जरा वेळानं हळूच म्हणाली, "चाचा, पिंजून झाली की धुरा होता तिथंच राहू द्या."

इथवर सगळी गल्ली हसायची. पुढच्या गोष्टीला कोणी हसत नसे.

चाचांचं म्हणणं असं, की जुनी गादी पिंजली की धुरळा निघतो, आणि ज्याची गादी तो माणूस त्या धुरळ्यात उभा राहतो. घडीभर. म्हणून जुनी गादी झाली की ते मशीन बंद करत आणि हात बांधून उभे राहत. धुरळा खाली बसेपर्यंत हलत नसत. मी एकदा म्हटलं, "चाचा, गिऱ्हाईक खोळंबलंय." तर म्हणाले, "धुरळ्यातल्याले जाऊ दे आधी. काऊन घाई करतं?"

मी एकटा मात्र हसायचो. मग एक दिवस सुटे पैसे मागायला त्यांच्या दुकानात शिरलो. आत सगळं पांढरं. पत्र्याच्या फटीतून उन्हाच्या पट्ट्या आलेल्या, त्यांत कापूस तरंगत होता. चाचा पार कोपऱ्यात. आणि मी दोन पावलं आत टाकली तेव्हा कोणीतरी अंग चोरून मला वाट दिली. माझ्या दंडाला कापड घासलं. दुकानात चाचांशिवाय कोणी नव्हतं. तेव्हापासून सुटे पैसे मी बाहेरूनच मागायला लागलो.

काम मात्र जुन्याच गाद्यांचं उरलं होतं. पूर्वी शेतकरी लेकीच्या लग्नासाठी घरचा कापूस बाजूला काढायचा. बीटी कपाशी आली तसा सगळा माल शेतातून थेट व्यापाऱ्याच्या गाडीत जायला लागला. घरात वातीपुरताही कापूस राहीना. बोंडअळीच्या सालात तर नवी गादी कोणी शिवलीच नाही. लोक आजोबांच्या, वडिलांच्या गाद्या घेऊन येत आणि चाचा दिवसभर हात बांधून कोणाकोणाला निरोप देत उभे राहत.

या सगळ्यात हसीना चाचीची छाती भरली. चाची दुकानाच्या मागच्या खोलीत खोळी शिवायची. राहायचं तिथंच, आणि यायला-जायला वाट दुकानातूनच. आधी खोकला होता, मग चालताना धाप लागायला लागली. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, या धुळीत राहाल तर फार दिवस राहणार नाही. त्याच सुमारास समोरच्या हॉटेलवाल्यानं पंचायतीत तक्रार केली, की पिंजाऱ्यामुळं त्याच्या कचोऱ्यांना दाढी येते.

मी झेरॉक्सबरोबर लोकांचे सरकारी अर्जही भरून द्यायचो. हवेतला धूर आणि धूळ कमी करण्यासाठी छोट्या धंदेवाल्यांना अनुदान देणारी एक योजना आल्याचं मला कळलं होतं. धूळ ओढून घेणारी मशीन बसवायची, बराचसा खर्च सरकार देणार. मी धावत चाचांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे धुरळा उडनारच नाय?"

"नाही."

"मंग तो मानूस उभा कुठी राहीन?"

तेवढ्यात आतून चाची आली. दाराची चौकट धरून तिनं आधी दम खाल्ला. "तुमचे मुर्दे तुमच्यापाशी ठिवा," ती म्हणाली. "मी जित्ती हावो. मले श्वास पायजे."

चाचांनी तिला धरून गाद्यांच्या ढिगावर बसवलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "भर बेटा. भरून टाक."

अर्जाला 'आधीचा' फोटो लागायचा. मी काढला. त्यात सगळं पांढरं आलं. जिल्ह्याहून पाहणीला साहेब आले ते तो कागद हलवतच. "यात दुकान कुठंय?" मी म्हटलं, "साहेब, हेच दुकान आहे. आत चला."

साहेबांनी नाकाला रुमाल बांधला. चाची त्या दिवशी बहिणीकडं वडनेर भोलजीला गेली होती. मशीनवर एका कापूसवाल्या शेतकऱ्याची गादी होती. बोंडअळीच्या सालात तो सकाळी शेतात गेला तो घरी चालत आला नाही. त्याच्या भावानं ती गादी आणून टाकली होती. चाचांनी पिंजण संपवलं, मशीन बंद केली, हात बांधले. साहेब आणि मी दाराजवळ उभे. धुरळा इतका दाट, की शेजारच्या साहेबांचा नुसता रुमाल दिसत होता. गल्लीतला आवाज कुठं गेला कोण जाणे.

बाहेर आल्यावर साहेबांनी चष्मा पुसला. कागदावर काहीतरी लिहिता लिहिता म्हणाले, "बरं, आत काम करणारे दोघंच ना?"

"एकच, साहेब. चाचा."

"मग तो मशीनपाशी खाली मान घालून उभा होता तो कोण?"

मी चाचांकडं पाहिलं. चाचा शांतपणे म्हणाले, "तो गेला, साहेब." साहेबांनी चहा घेतला नाही. गाडीत बसतानाही ते मागं वळून बघत होते. अशी मंजुरी इतक्या लवकर आमच्या तालुक्यात कोणाला मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

मशीन आली. मोठी पत्र्याची पेटी, वर हत्तीच्या सोंडेसारखा पाइप. सगळा धुरळा ती गिळायची. चाचांनी तिचं नाव डाकीण ठेवलं. पण दुकान दिसायला लागलं. भिंती निळ्या होत्या हे आम्हाला तेव्हा कळलं. चाचांच्या भुवया काळ्या-करड्या निघाल्या आणि ते चारचौघांसारखे म्हातारे दिसू लागले. चाची दारात बसून खोळी शिवायची, पाण्याची कळशी स्वतः उचलायची. हॉटेलवाला कचोरी फुकट पाठवायला लागला. चाचा सलाम करत, पण कान लावत नसत. कोणी मुद्दाम विचारलं, की आत कोण आहे, तर म्हणत, "कापूस हाये. दुसरं काय राह्यते?"

अनुदानाच्या शेवटच्या हप्त्यासाठी 'नंतरचा' फोटो द्यायचा होता, मशीन चालू असलेला. एका दुपारी मी मोबाइल घेऊन गेलो. शटर अर्धं खाली होतं. आतून पिंजणाचा आवाज आला आणि बंद झाला. डाकिणीचा आवाज नव्हताच. मला वाटलं, वीज कमी पडली. वाकून आत शिरलो.

आत पुन्हा पूर्वीसारखं पांढरं. चाचा हात बांधून उभे. आणि त्यांच्या शेजारी, तोंडावर पदर न घेता, चाची. मशीनपाशी लाल फुलाफुलांची एक खोळ रिकामी पडली होती. एवढीशी, पाळण्यातून नुकत्याच निघालेल्या पोरीला पुरेल एवढी. मी तोंड उघडलं तर चाचांनी बोट ओठांवर ठेवलं.

"रुबी हाये," ते म्हणाले. "आमची पोरगी. तू गल्लीत यायच्या आधीची गोष्ट हाये, बेटा. तापानं गेली. दर साली आजच्या रोजी तिची गादी पिंजतो मी."

मी चाचीकडं पाहिलं. ती धापा टाकत होती.

"चाची, तुम्ही तरी... ती मशीन चालू करा ना."

"मीनंच बंद केली," चाची म्हणाली. "हे तर चालूच करून राह्यले होते माह्यासाठी. म्हनत होते, या साली नाय पाह्यलं तर चालते." तिला खोकला आला. तो तिनं तोंडावर हात दाबून गिळला, झोपलेलं लेकरू उठू नये म्हणून बाया गिळतात तसा. "थांब जरा. बसली हाये ती."

मी समोर पाहिलं. कापूस सगळीकडं हळूहळू उतरत होता, लादीवर, मशीनवर, त्या दोघांच्या डोक्यावर. लाल खोळीशेजारी मात्र सुपाएवढी जागा होती, तिथं एक कणही पडत नव्हता.

मी वाकून बाहेर आलो, शटर जमिनीपर्यंत ओढलं आणि पायरीवर बसलो. एक बाई गादी घेऊन आली. तिला म्हटलं, "थोडं थांबा, घरात मंडळी आहेत." बऱ्याच वेळानं आतून चाचीचा खोकला मोकळा झाला. चाचांनी काहीतरी विचारलं, आणि चाची म्हणाली, "हाव. लावा आता डाकीण."