पोपटी माझी, पोपट कुणाचा?

माझं लेखन चोरणारा अजून जन्माला यायचाय, असं मी पेणभर सांगत फिरायचो. तो जन्माला आलेला होता. रोह्याच्या एका कॉलेजात प्राध्यापक म्हणून चिकटलाही होता!

मी दहावी नापास. लिहायला मीच मला शिकवलं. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात भरायची आणि शेतात जाळ करून भाजायची, ती आमची पोपटी. तिच्यावर मी ब्लॉग लिहिला. रोह्याच्या त्या महिपती सरांनी तो उचलून आंतरराष्ट्रीय ई-जर्नलमध्ये शोधनिबंध म्हणून छापला. आंतरराष्ट्रीय म्हणजे, संपादक वडखळला राहतो!

मी संपादकाला फोन लावला. "माझा लेख चोरलाय!"

"अशक्य! आमचं सॉफ्टवेअर चोरी पकडतं. साम्य फक्त चार टक्के. शिवाय तीन तज्ज्ञांनी तपासलाय."

चारच टक्के निघणार! सरांनी लेख शब्द बदलणाऱ्या ॲपमधून पिळून काढलेला. माझं वाक्य : 'थंडीत आम्ही शेतावर पोपटी लावतो.' सरांचं : 'शीतकाळी आम्ही कृषिक्षेत्रात मादी पोपटास अग्नी देतो.' तीन तज्ज्ञ, सहा डोळे, आणि जळता पोपट एकालाही दिसला नाही!

मी रोज सकाळी नऊला फोन करायला लागलो. महिन्याभरात संपादक रडकुंडीला आला. "तुमचं नाव घालू का लेखक म्हणून?"

"पहिलं घाला! आणि ठळक!"

घातलं. मी त्याची प्रिंट लॅमिनेट करून रामवाडीतल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात दर्शनी लावली. शेजारच्या विमलबाईंनी चष्मा लावून वाचली. "पोपट भाजतोस व्हय रे मेल्या?"

"संशोधन आहे ते, मावशी!"

तिसऱ्या दिवशी बायकोने हाक मारली, "अहो, जंगल खात्याचे साहेब आलेत!"

वनरक्षक सुशील. हातात त्याच लेखाची प्रिंट. "पोपट मारणं गुन्हा हाय. कुणा पक्षिप्रेमीने ऑनलाइन तक्रार केलीय."

"अरे, पोपटी ती! तूही खातोस!"

"मी खातो, कॉम्प्युटर नाय खात. जबाब लिहा. पोपट जाळले, नायतर लेख माझा नाय. तिसरा रकानाच नाय."

"मग महिपती सरांना पकड ना!"

"रोह्याला जाऊन आलो. ते म्हणाले, मूळ लेखन तुमचं, त्यांनी फक्त भाषा सुधारली."

आयुष्यात पहिल्यांदा सरांनी खरा संदर्भ दिला!

मी पेन उचललं. 'सदर लेख माझा नाही. त्यातला एकही शब्द माझा नाही.' खाली सही.

आतून बायको ओरडली, "अहो, चार टक्के तरी ठेवा!"

नाय ठेवले.