शार्कची कवळी

"मामा, दात अगदी खऱ्यासारखे पाहिजेत," एवढंच भाचा म्हणाला होता, आणि सगळा घोळ त्या एका शब्दात झाला.

मामा कवळ्या करत. एकतीस वर्षं, घराच्या तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत. त्या धंद्यात 'खऱ्यासारखे' याचा एकच अर्थ होतो: दात बसवलेले आहेत हे समोरच्याला कळता कामा नये. भाचा सिनेमा काढत होता. एक शार्क, एक फुटकी होडी, होडीत अडकलेली एक मुलगी; नव्वद मिनिटांनी ती वाचते. शार्क सोफे शिवणाऱ्याने करड्या रेक्झिनचा शिवून दिला होता, पोटात फोम आणि पाठीला चेन. समुद्र म्हणजे तरणतलाव, रोज सकाळी सहा ते नऊ. फक्त दात राहिले होते.

भाच्याच्या वडिलांनी, म्हणजे दाजींनी, निर्वाणीचं सांगितलं होतं. हा सिनेमा कुणी घेतला तर ठीक, नाहीतर त्यानंतरच्या सोमवारपासून खिळे-स्क्रूच्या दुकानात येऊन बसायचं.

भाच्याने आणलेला शार्कचा फोटो मामांनी भिंगाखाली धरला.

"अरे, याला दाढाच नाहीत."

"नसतात मामा."

"मग चावतो कशाने?"

"चावत नाही तो. फाडतो."

"फाडणारच बिचारा. हे बघ, एकामागे एक तीन रांगा. लहानपणी कुणी लक्षच दिलेलं नाही."

भाचा घाईत होता. तो हसला आणि गेला. मामांनी अकरा दिवस खपून निसर्गाची चूक दुरुस्त केली. वर चौदा दात, खाली चौदा, सुळे सुळ्यांच्या जागी, दाढा दाढांच्या जागी, गुलाबी हिरड्या. रंग किंचित पिवळसर, कारण अगदी पांढरे दात खोटे दिसतात. शार्कचं वय विचारायचं राहून गेलं होतं, म्हणून त्यांनी साधारण पन्नाशी धरली.

चित्रीकरणाच्या दिवशी पहाटे पावणेसहाला मामा खोकं घेऊन तरणतलावावर पोचले. भाचा होडीला भोक पाडण्यात गुंतला होता. सोफेवाल्याने दोन्ही कवळ्या शार्कच्या जबड्यात चिकटवल्या आणि हात पुसत सांगितलं, "आता रेक्झिन फाटेल, पण हे निघायचं नाही."

मग भाचा आला. शार्क त्याच्याकडे बघून प्रसन्न हसत होता.

"मामा," भाचा हळूच म्हणाला, "हे माणसाचे दात आहेत."

"माणसाचे कसे? माणसाला एवढे बसतील का?"

"तो हसतोय मामा!"

"ओठ तुमच्या सोफेवाल्याने आखूड शिवलेत. त्यात माझा काय दोष?"

तलाव तेवढ्याच आठवड्यापुरता मिळाला होता. शार्क तसाच पाण्यात सोडावा लागला. पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांनी तो मागून ढकलला, जबड्याची स्प्रिंग ओढली, आणि शार्क होडीशेजारी वर आला. नायिकेने किंचाळायला तोंड उघडलं आणि फिस्सकन हसली.

"अगं, घाबर!" भाचा ओरडला.

"घाबरतेय हो! पण तो 'जेवलीस का?' विचारेल असं वाटतंय."

भाच्याने दात काळे रंगवून पाहिले. मग तर शार्क पार बोळका दिसायला लागला. नायिका म्हणाली, "याला हात धरून रस्ता ओलांडून द्यावासा वाटतो." रंग खरवडून काढला. तोंड मिटून ठेवावं, तर स्प्रिंग ऐकेना. शेवटी शार्क जिथे जिथे दिसणार तिथे तिथे फेस सोडायचं ठरलं, आणि फेसातूनही दातच तेवढे चकाकू लागले.

एकच प्रसंग बरा झाला. शार्क होडीचा दोर पकडतो आणि मुलगी कुऱ्हाडीने तो तोडते, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात शार्कने दोर पकडला तो पकडलाच. चार माणसांनी ओढला, मास्तर लोंबकळले, होडी उलटली, दोर तुटला. कवळी जागची हलली नाही.

वितरकसाहेब शनिवारी दुपारी चार वाजता सिनेमा बघायला आले. मामांच्याच माडीवर, कारण तिथली भिंत मोठी होती. पडदे ओढले. दाजी कोपऱ्यात बसले. येताना त्यांनी दुकानाची किल्ली आणली होती आणि ती सगळ्यांना दिसेल अशी टेबलावर ठेवली होती.

नव्वद मिनिटं साहेब तोंडावर रुमाल धरून बसले होते. शार्क पहिल्यांदा वर आला तेव्हा दाजींनाच हसू फुटलं. मामांनी मान खाली घातली. एकतीस वर्षांत एक तक्रार नाही, आणि पहिली आली ती सख्ख्या भाच्याचं वाटोळं करून.

दिवा लागला. साहेब म्हणाले, "तो दोराचा प्रसंग पुन्हा लावा."

लावला. त्यांनी तो तीन वेळा पाहिला. मग विचारलं, "दात कुणी केले?"

मामा उठून उभे राहिले. "मी केले साहेब. पोराचा काही दोष नाही. काय बोलायचं ते मला बोला."

साहेबांनी त्यांना जिन्यापाशी नेलं, भिंतीकडे तोंड केलं आणि रुमालात काहीतरी काढून दिलं. मग गाल आत गेलेल्या तोंडाने पुटपुटले, "बोलताना टकटक वाजतं. शिंकलो की बाहेर येतं. चार माणशांत हशायची चोरी झालीय."

मामांनी ती कवळी उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा पडला. "हे कुणी केलं हो? खाली चला. आत्ता माप घेतो."

दहाव्या मिनिटाला साहेब तळमजल्यावरच्या खुर्चीत मान मागे टाकून बसले होते आणि त्यांच्या तोंडात वरच्या मापाचा गुलाबी लगदा भरला होता. तो घट्ट व्हायला चार मिनिटं लागतात. दारात भाचा उभा होता, त्याच्यामागे किल्ली घेऊन दाजी.

"साहेब," भाच्याने विचारलं, "सिनेमाचं काय ठरवलंत?"

"ऊं... अंहं... ऊंऽऽ!" साहेबांनी दोन्ही हात वर केले.

सगळे मामांकडे बघायला लागले. अशा बोलण्याचा अर्थ लावणारा त्या खोलीत दुसरा कुणी नव्हता.

"घेतो म्हणतायत," मामा म्हणाले.

साहेबांचे डोळे मोठे झाले. ते जोरजोरात मान हलवायला लागले. मामांनी दोन्ही तळव्यांत त्यांचं डोकं घट्ट धरलं.

"मान हलवू नका साहेब. माप बिघडलं की कवळी वाजते."

मान थांबली.

"ऊं ऊंऽ अं?"

"कधी लावायचा, विचारतायत."

"पुढच्या महिन्यात!" भाचा ओरडला. दाजींनी किल्ली खिशात घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा पोराच्या पाठीवर थाप मारली.

चार मिनिटं झाली. मामांनी माप अलगद बाहेर काढलं. साहेबांनी चूळ भरली, तोंड पुसलं, भाच्याकडे बोट रोखलं आणि बोलायला तोंड उघडलं.

"हां, अस्संच उघडं ठेवा," मामा म्हणाले. "खालचं राहिलंय."