पाचवी बॅच

ज्या घरात नळ आठव्या दिवशी येतो, त्या घरात संस्कृतीही आठव्या दिवशीच पुढे सरकते. मधले सात दिवस ती टाकीच्या तळाकडे बघत काढते. म्हणून हरिओमने एकाच दिवसात घरच्या बीअरच्या चार बॅच लावायचं ठरवलं, तेव्हा राजेश्रीला त्यात हावरटपणा दिसला नाही. परभणीच्या त्यांच्या गल्लीत नळाच्या दिवशी लोक गोधड्या धुतात, कूलर भरतात, पाहुण्यांना अंघोळीला बोलावतात. नवऱ्याने त्या यादीत एक बाब वाढवली, इतकंच.

हरिओम एका कार्यालयात आवक-जावक बघतो. त्यामुळे बीअरच्या आधी कार्यपद्धती तयार झाली. ती फ्रिजवर चिकटवली गेली, लेकीच्या लसीकरणाच्या तक्त्यावरच (तक्ता खाली आहे, दिसत नाही, पण आहे). परवानगीचा रकाना कोरा होता. कार्यालयातही तो तसाच राहतो.

कलम एक: सर्व भांडी वीस मिनिटं उकळावीत. आठ महिन्यांत लेकीची एक वाटी न उकळलेल्या या गृहस्थाने पळीसुद्धा दोनदा उकळली. ते बघून राजेश्रीचे डोळे भरून आले (वाफ फार होती).

कच्चा माल घरचाच. पाच किलो ज्वारीला मोड आणून सासूबाईंनी, म्हणजे सरजाबाईंनी, ती वाळवून दळून ठेवली होती, नातीच्या पेजेसाठी लागणार असं समजून.

"पाच किलो?" त्यांनी तेव्हा लेकाला विचारलं होतं. "लेकरू हाय का हत्ती?"

"वाढतं अंग हाय, माय."

सकाळी सहाला नळ आला. ज्वारीचा काढा उकळला, त्यात पुण्याहून कुरिअरने आलेला कडू फुलांचा चुरा पडला, मग काढा निववून त्यात यीस्ट. असं चार वेळा. त्या दिवशीचा पाणीवापर असा: भांडी उकळणे ४१ टक्के, काढा निववणे ३७, प्रत्यक्ष बीअर १२, सांडणे साडेनऊ. उरलेल्या अर्ध्या टक्क्यात लेकीची अंघोळ झाली आणि ती खूश होती. तिला टक्केवारी कळत नाही.

दुपारी चारला झाकणबंद चार बादल्या कोठीच्या खोलीत ओळीने बसल्या. प्रत्येकीच्या झाकणातून एक नळी निघून पाण्याच्या ग्लासात बुडबुडे सोडत होती. जिल्ह्याचा अभिमान म्हणून हरिओमने त्यांना नद्यांची नावं दिली: पूर्णा, दुधना, करपरा, गोदावरी. पाट्या लावल्या. घुगऱ्या तेवढ्या वाटायच्या राहिल्या.

मग तो कूलरची वायर गुंडाळू लागला.

मे महिना होता, बाहेर त्रेचाळीस. घरात कूलर एकच, लेकीच्या पाळण्यापुढचा. कूलरशिवाय लेक झोपत नाही आणि लेकीशिवाय राजेश्री झोपू शकत नाही. बाळंतपणापासून ती सलग तासभर झोपलेली नव्हती. ही साखळी कार्यपद्धतीत नमूद नव्हती.

"अहो, कूलर कुठं न्यायलात?"

"बारा दिवस फक्त. जास्त तापली की बीअर बाद होती."

"अन् लेक?"

"लेक कशी बाद होईल?"

बिनतोड होतं. दुसऱ्या दिवशी दुपारभर लेक पंख्याच्या गरम हवेत रडली, घामोळ्यांनी लाल झाली. तिला कडेवर घेऊन राजेश्रीने प्रथमच फ्रिजवरचा कागद नीट वाचला. कलम चार: खोलीत गारवा राखावा. कलम पाच: मोठ्याने बोलू नये, धक्का लागू देऊ नये. कलम सहा: दर अर्ध्या तासाने जबाबदार व्यक्तीने स्वतः बघून नोंद घ्यावी. आठ महिने ती जे मागत होती, ते नवऱ्याने सहीनिशी लिहून ठेवलं होतं. फक्त भलत्याच्या नावाने.

तिने पाळणा उचलला, करपरा आणि गोदावरीच्या मधे ठेवला आणि त्याला पाटी लावली: बॅच ५.

"ही कुठं आंबायलीय?" हरिओम कुजबुजला (कलम पाच).

"थोडं थांबा. लंगोट बघा."

हरिओम नियमाबाहेर जाणारा माणूस नाही. लेकीच्या जन्माला त्याने दीड दिवस रजा काढली होती. बीअरला बारा दिवसांची अर्जित रजा काढली. पाचवी बॅच रडली तर बाकीच्या चारींचा गाळ हलेल, म्हणून तो धावत जाऊन पाळणा हलवी. वहीत नोंदी आहेत: "२.३० – पूर्णा, बुडबुडे समाधानकारक. बॅच ५ हसली. ३.०० – दुधना मंद. बॅच ५ ला दात आल्याचा संशय." राजेश्रीची एकच नोंद आहे, तिसऱ्या दिवसाची: "दोन तास दहा मिनिटं झोपले."

तेराव्या दिवशी झाकणं उघडली. सरजाबाईंनी चारही चाखल्या.

"आंबील हाय की," त्या म्हणाल्या. "मीठ घाल, लसूण घाल. लय ब्येस."

गल्लीने वाट्या भरभरून प्यायली. बादल्या धुतल्या, वही मिटली, कूलर पाळण्यासकट जुन्या जागी गेला, रजा संपली. दर अर्ध्या तासाने बघणारं घरात कोणी उरलं नाही. पुढच्या नळाच्या दिवसाआधी राजेश्रीने स्वतःच पाच किलो ज्वारी भिजत घातली. "मागच्या वेळी थोडक्यात हुकली तुमची," ती नवऱ्याला म्हणाली. "परत लावा."

आता चारही बादल्यांची नावं तुम्हाला पाठ झाली असतील. पाचवीलाही नाव आहे; बारसं रीतसर झालंय. तुम्ही विचारलं नाहीत.