खरं चोरीचं घड्याळ

नवऱ्याने आपली बॅग स्वतः भरायला घेतली तेव्हाच बायकोला संशय आला. उभ्या संसारात या माणसाला कपाटातला हातरुमाल सापडला नव्हता.

"त्या बनियनमध्ये काय गुंडाळलंय?"

"गोळ्या."

"वाटीएवढ्या?"

"बाटली आहे गं. गोळ्यांची."

त्याची रक्तदाबाची एकुलती एक गोळी तिच्या पर्समध्ये होती. म्हणजे एकतर हा मोठा आजार लपवत होता, नाहीतर दुसरंच काहीतरी. गाडीत बसल्यावर त्याने बॅग डिकीत न ठेवता मांडीवर घेतली, तेव्हा आजार परवडला असं तिला वाटलं.

नवरा वायुदलातून निवृत्त झालेला वैमानिक. जुन्या तुकडीतल्या सगळ्यांनी दोन दिवस विमानांच्या संग्रहालयात जमायचं, बायकांसह, असं ठरलं होतं. दारातच एका टक्कल पडलेल्या गृहस्थाने त्याला मिठी मारली.

"आला रे आला, घिरट्या आला!"

"घिरट्या कोण?" बायकोने विचारलं.

"हाच की, वहिनी. उतरायची भीती वाटायची ना, म्हणून पेट्रोल संपेपर्यंत वरच घिरट्या घालायचा."

"घरी तर 'मला सगळे गरुड म्हणायचे' असं सांगतात."

नवरा घाईघाईने पुढे निघून गेला. तिच्या मनातल्या खटल्यात आणखी एक कलम वाढलं. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की हा टकल्यासुद्धा हातातली कापडी पिशवी पोटाशी धरून आहे. आणि भरघोस मिशांचा तिसरा एक मित्र एवढ्या उकाड्यात जाड कोट घालून फिरतोय, आणि त्या कोटाला एकाच बाजूने पोट आलंय.

दालनाच्या मधोमध एक जुनं दोन आसनांचं विमान होतं. सगळे याच्यावरच उडायला शिकले होते. संग्रहालयाच्या प्रमुख बाई वयाने लहान, पण कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि नजरेत पोलीस. त्या म्हणाल्या, "दुरुस्ती पूर्ण झाली. फक्त कॉकपिटमधलं घड्याळ नाही. कोणीतरी काढून नेलंय."

'काढून नेलंय' म्हणताच तिघेही एकदम छताकडे बघायला लागले. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

थोड्या वेळाने शेजारच्या सभागृहात मोठ्या साहेबांचं भाषण सुरू झालं. एकेकाळी सगळी तुकडी त्यांच्या हाताखाली होती, अजूनही ते उभे राहिले की बाकीच्यांच्या पाठी आपोआप ताठ होत. विषय होता सचोटी.

"जरा बाथरूमला जाऊन येतो," नवरा कुजबुजला.

"बॅग घेऊन?"

तो गेलाच. मागोमाग टकल्या उठला. मग मिशा. बाथरूम डावीकडे होतं, तिघेही वळले उजवीकडे. बायको उठली.

दालनात शुकशुकाट होता. विमानाला शिडी लावलेली आणि कॉकपिटमधून नवऱ्याचं फक्त डोकं दिसत होतं.

"अहो! तिथे काय करताय?"

"हळू बोल."

"आधी खाली उतरा."

"उतरलो असतो. गुडघा अडकलाय."

"वहिनी, याला तेव्हाही उतरता यायचं नाही," असा पंखाखालून आवाज आला आणि टकल्या रांगत बाहेर आला. कंबर सरळ व्हायला त्याला बराच वेळ लागला. तू इथे कसा, हे एकमेकांना विचारायचं दोघांनीही टाळलं. टकल्या शिडी चढला आणि त्याने मित्राच्या बगलेत हात घालून जोर लावला. त्या ओढाताणीत नवऱ्याच्या पोटाने समोरची दांडी पुढे ढकलली. विमानाने जुनी आज्ञा इमानाने पाळली. शेपटीची आडवी पट्टी खट्‌कन खाली आली आणि तिच्याखालून "मेलो!" असा आवाज आला.

मिशा तिथे लपले होते.

आरडाओरडा ऐकून प्रमुख बाई किल्ल्या वाजवत धावत आल्या. "घड्याळ गेलं ते गेलं, आता उरलेलं विमान न्यायला आलात? बॅगा उघडा!"

नवऱ्याने बनियनची गुंडाळी सोडली. आत एक गोल, काळं घड्याळ होतं.

"न्यायला नाही, परत ठेवायला आलोय," तो मान खाली घालून म्हणाला. "नोकरीच्या शेवटच्या दिवशी नेलं होतं. मनाला लागून राहिलंय. आणि मी गेल्यावर पोरांनी भंगारात घातलं असतं."

बायको मटकन शिडीच्या पायरीवर बसली. "म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही?"

"गुडघा सोडला तर काही नाही."

तिचे डोळे भरून आले. पण तेवढ्यात टकल्या म्हणाला, "ते घड्याळ खोटं आहे. खरं मी चोरलंय." आणि त्याने पिशवीतून दुसरं काढलं.

मिशांनी टेंगूळ चोळत कोटात हात घातला. "दोघंही गप्प बसा. खरा चोर मी आहे."

क्षणभरापूर्वी शरमेने खाली गेलेल्या माना एकदम वर आल्या.

"तू? चोरी? तुझी हिंमत होती का रे?"

"घिरट्या, तुला धावपट्टीवर उतरायची भीती, तू कसली चोरी करतोस!"

आता बायकोचा पारा चढला. "ऐकून घेतेय म्हणून काहीही बोलाल? आमच्या ह्यांनीच चोरलंय! मी घरून निघतानाच ओळखलं होतं!"

प्रमुख बाईंनी वर चढून तिन्ही घड्याळं एकेक करून रिकाम्या खाचेत बसवून पाहिली. तिन्ही खाचेपेक्षा लहान, थेट आत पडली.

एव्हाना तुकडीचा जुना मेकॅनिक चहाचा कप घेऊन तिथे आला होता. त्याला सगळे पाना म्हणत. त्याने आसनाखालचा खटका ओढला, आसन मागे सरकलं आणि नवऱ्याचा गुडघा सुटला. उतरल्या उतरल्या नवऱ्याने त्याला धरलं.

"पाना, तूच दिलं होतंस ना? कोणाला सांगू नका म्हणून?"

"मलाही तेच म्हणाला होतास!" बाकीचे दोघे एकदम म्हणाले.

"दिली होती. तिन्ही ट्रकची. मोटारींचं भंगार निघालं होतं तेव्हाची." पानाने चहाचा घोट घेतला. "सगळ्यांना आठवण हवी होती, सर. नाही कसं म्हणणार?"

"मग विमानातलं का नाही दिलंस?" नवऱ्याने विचारलं.

"ते त्याच्या आधीच गेलं होतं."

"कोणी नेलं?" प्रमुख बाईंनी विचारलं.

"तेवढं नका विचारू. ते माझ्या हुद्द्याच्या वरचं आहे."

सभागृहातून टाळ्यांचा कडकडाट आला. भाषण संपलं होतं. थोड्याच वेळात मोठे साहेब एकटेच दालनात आले आणि तिथली गर्दी पाहून थबकले. सवयीने सगळ्यांच्या पाठी ताठ झाल्या. साहेबांनी उजवा हात खिशातून काही बाहेर काढला नाही.

"बाई," ते प्रमुख बाईंना हळूच म्हणाले, "या विमानात पाच मिनिटं एकट्याला बसता येईल का? जुन्या आठवणी आहेत, दुसरं काही नाही. दालनात कोणी नसलं तर बरं."

बाईंनी एकदा त्यांच्या फुगलेल्या खिशाकडे पाहिलं आणि शिडी नीट लावून दिली.

तिघे मित्र बाहेर पडले. दारापाशी तिघांनीही वळून साहेबांकडे पाहिलं. तिघांच्या नजरेत निव्वळ असूया होती.