मान आधी की काळीज आधी

उस्ता बयूमी संतापला होता आणि त्याचा संताप रास्त होता. दुखत होतं छातीत, आणि डॉक्टर शेरीफ नळी लावून ऐकत बसले होते त्याची मान.

"डॉक्टरसाहेब, जरा खाली या. काळीज खाली असतं."

"मानेत सूं-सूं आवाज येतोय, उस्ता. डोक्याला रक्त नेणारी नळी आतून चोंदलीय. हृदयाचं ऑपरेशन करायचंच आहे, पण अशा मानेनं टेबलावरून उठाल ते अर्धांग घेऊन. आधी मान साफ करून या."

दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच. अलेक्झांड्रियाच्या बहरी भागात बयूमीचं सलून होतं, म्हणून सगळे त्याला उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, म्हणत. हयातभर त्यानं कोळ्यांच्या आणि नावाड्यांच्या मानेवर वस्तरा फिरवला होता. त्यामुळे मानेवर पातं धरणाऱ्याचं लक्ष किती वेळा भलतीकडे असतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मध्यंतरी एकदा त्याचा उजवा हात एकाएकी लुळा पडला होता आणि वस्तरा गिऱ्हाइकाच्या मांडीवर पडला होता. थोड्या वेळानं हात पूर्ववत झाला. त्याचं खापर त्यानं साबणावर फोडलं होतं.

मानेच्या डॉक्टर मुनीरा वरच्या मजल्यावर बसत आणि लिफ्ट बंद होती. त्या म्हणाल्या, "मान करायलाच हवी. पण हे हृदय माझी भूल सोसणार नाही. आधी हृदय करून या."

खाली शेरीफ म्हणाले, "छे, आधी मान." दुसऱ्यांदा जिना चढताना बयूमी छाती धरून मधल्या पायरीवर बसला आणि सगळं इस्पितळ ऐकेल अशा आवाजात ओरडला, "काळजाआधी माझ्या मानेला सुरी लागली, तर माझ्या बायकोला तलाक!"

बायको इन्साफ मागेच उभी होती, हातात संत्र्यांची पिशवी घेऊन. "आता यात मी काय केलं?" तिनं विचारलं.

बरोबरच होतं तिचं. बहरीतले पुरुष ही शपथ उठता-बसता घालतात. चहाचे पैसे मीच देणार, नाहीतर तलाक. तू जेवूनच जायचं, नाहीतर तलाक. पैज यांची आणि पणाला बायको, हा कुठला न्याय?

दोघं मशिदीतल्या शेख मबरूककडे गेली. शेख सवयीनं म्हणाले, "रागातली शपथ आहे. गोरगरिबांना जेवू घाला, मिटलं."

"लग्न झाल्यापासून हेच चाललंय," इन्साफ कडाडली. "याच्या शपथांवर अर्धी बहरी जेवली. स्वयंपाक कुणी केला? मी. या वेळी शपथ खरी धरायची."

नेमकं त्याच दिवशी शेरीफ आणि मुनीरा यांचं एकमत झालं. लुळ्या हाताची हकिकत इन्साफनं त्यांच्या कानावर घातली होती. तो साबण नव्हता, मेंदूला बसलेला छोटा झटका होता; पुढचा मोठा असता. म्हणून आधी मान.

"नाही," बयूमी म्हणाला. "बायको जाईल."

"नाहीतर तुम्ही जाल, उस्ता."

"जाईन. नवरा म्हणून जाईन."

इन्साफ पेचात पडली. शब्द मागे घ्यावा तर नाक कापलं जाणार, आणि न घ्यावा तर हा हट्टी म्हातारा खरंच मरणार. तिनं शेखना ओढत इस्पितळात आणलं. शेखनी सगळं ऐकून घेतलं आणि भाबडेपणानं विचारलं, "दोन्ही एकदम नाही का होत?"

डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिलं. "होतं," मुनीरा म्हणाल्या. "एकाच भुलीत. धोका असतो, पण यांच्या बाबतीत तेच बरं. मी सुचवणार होते, पण हृदय यांच्या अखत्यारीत येतं."

"आणि मान यांच्या," शेरीफ म्हणाले. "म्हटलं, आपण कसं बोलायचं?"

"माणूस जिन्यात मरत होता आणि तुम्ही एकमेकांचा मान राखत होतात?" इन्साफ म्हणाली. दोन्ही एकदम म्हणजे आधी कुणीच नाही, म्हणून बयूमीही तयार झाला.

ऑपरेशन चाललं होतं तितका वेळ तिनं पाण्याचा घोटही घेतला नाही. शेवटी मुनीरा बाहेर आल्या. "दोन्ही छान झालं. आता काळजी नाही."

इन्साफ रडली, डोळे पुसले, मग जपून विचारलं, "आधी काय केलंत?"

"मान. ती उरकली, मग छाती उघडली. तसंच करतात."

दुसऱ्या दिवशी नळ्यांच्या जंजाळातून बयूमीचा हात तिच्याकडे सरकला. तिनं आपला हात मागे घेतला.

"पाणी," तो पुटपुटला.

"नर्सकडे मागा. मी परकी बाई. तुमची मान आधी झाली."

बयूमीनं डोळे मिटले, उघडले. "मग... परत घेतली तुला."

"परत घ्यायला मी काय शेजारी दिलेलं पातेलं आहे? रीतसर मागणी घाला."

त्यानं नर्सकडे पाहिलं. नर्सनं खिडकीकडे पाहिलं. कोरड्या घशानं तो म्हणाला, "इन्साफ, लग्न करशील माझ्याशी?"

"बघते, विचार करून सांगते," ती म्हणाली आणि ओला बोळा त्याच्या ओठांना लावला. "आधी तू बरा हो."