बाळाबाईचा ताग

बाळाबाईनं दोन एकरात ताग पेरला तेव्हा कुणी ब्र काढला नाही. तागाचे दोर होतात, चार पैसे मिळतात, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण ताग माणसाच्या डोक्यावर गेला, पिवळ्याधमक फुलांनी रान भरलं, आणि बाई चावडीपुढं म्हणाली, "आता नांगर घालून गाडणार हाय," तेव्हा चिलीम ओढणाऱ्यांना ठसका लागला.

बाईचं चुकत नव्हतं. शिरोळकडचं ते काळं रान उसावर ऊस घेऊन पार दमलं होतं. ग्रामसेवकानं बजावलं होतं, ताग फुलावर आला की आठ दिवसांत हिरवाच गाडायचा, त्याच्यासारखं खत नाही. आठ दिवस गेले की दांड्या निबर होतात, मग कुजत नाहीत.

"वैनी," तिचा धाकटा दीर गणपतराव पुढं सरसावला, "दोन सालामागं दुष्काळात रेशनच्या लाल मिलो जोंधळ्याची भाकरी खाल्लीया आपण. आन तुमी उभं पीक मातीत घालताय?"

"तागाची भाकरी थापता येती का, भावजी?"

"ते मला सांगू नका. आठ दिसांत गाडून दावा. न्हाय जमलं तर फुडल्या सालापासनं ते रान मी कसणार."

"दावतो की," बाई म्हणाली.

चावडीपुढं गेलेला शब्द, आता माघारी कसा येणार? नवरा वारल्यापासून गणपतरावाचा डोळा त्या रानावर होता, हे बाळाबाईला पक्कं माहीत होतं. म्हणून तर तिचा पारा चढला.

बाळाबाईकडं एक बैल, शेजारच्या पिराजीकडं एक. दोघांचा पैरा, म्हणजे दोघांत मिळून एक औत. पिराजी माणूस सोन्यासारखा, पण देवभोळा. बाई बैल मागायला गेली तर तो खाली मान घालून म्हणाला, "अक्का, माझा बैल उभ्या पिकात जायाचा न्हाय. अंबाबाईची आन घेतलीया."

"आन घ्याच्या आधी मला इचारायचं हुतंस."

"गणपतराव म्हणालं, लगीच घे."

दुसरं कुणी बैल देईना. ट्रॅक्टरवाला बांधावरूनच पावसानं झालेला चिखल बघून परत फिरला. असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी सकाळी बाळाबाईनं आपल्या बैलाच्या जोडीला गोठ्यातली भाकड म्हैस जुंपली. "बैल न्हाय तर म्हस. पन रान देत न्हाय जा," असं अख्ख्या गल्लीला ऐकवून ती निघाली. तमाशा बघायला गाव मागोमाग बांधावर आलं.

म्हशीला जन्मात एकच वाट ठाऊक, पाणवठ्याची. बैल पुढं ओढू लागला, म्हैस आडवी. दोन हिसक्यांत जोतं तुटलं आणि म्हैस सुसाट तागात घुसली. बैल बिचारा जागच्या जागी रवंथ करत राहिला.

गणपतरावाला अजून दोनच दिवस ताग उभा राहायला हवा होता, की रान त्याचं. "म्हस धरा रं! पीक वाचवा!" ओरडत तो स्वतः आत शिरला. त्याच्यामागं तीस-पस्तीस गडी धोतरं खोचून शिरले. गुडघाभर चिखल, वर पुरुषभर ताग. कुणाला कुणी दिसेना. शेंडा हलला की तिकडं धावायचं, आणि तिथं सापडायचा तो गावचाच कुणी गडी. दोघांनी तर एकमेकांना म्हैस समजून मिठी मारली.

पहिल्यांदा बाळाबाईही म्हशीमागं धावायला निघाली. मग तिनं नीट बघितलं. माणसं जिथनं जात होती तिथं ताग आडवा होऊन चिखलात रुतत होता. बाई बांधावर बसली, पानाची चंची सोडली आणि चुना लावता लावता सांगू लागली, "वरल्या कोपऱ्यात शेंडं हालत्यात बगा. भावजी, तिकडं ऱ्हायलंय."

म्हैस मघाच पाणवठ्यावर जाऊन डुंबत बसली होती. बाईनं तिला जाताना पाहिलं होतं. पण तिला कुणी विचारलंच नाही.

दुपारी गडी दमून बाहेर आले तेव्हा दोन एकरात एक काडी उभी नव्हती.

आठव्या दिवशी पिराजी आपला बैल घेऊन हजर झाला.

"तुजी आन काय झाली रं?"

"उभ्या पिकाची हुती न्हवं? हितं कुठं काय उभं हाय?" म्हणत त्यानं औत जुंपलं. काळ्या मातीखाली ताग नांगराच्या तासातासानं दडत चालला, तसा बाईचा जीव भांड्यात पडला.

रान निम्मं झालं असेल, तोवर गणपतराव बांधावर आला. एका पायात कोरी कोल्हापुरी चप्पल, दुसरा पाय उघडा.

"वैनी," तो पडल्या आवाजात म्हणाला, "काल माजी एक चप्पल आत ऱ्हायली. जरा औत थांबवा की."

बाळाबाईनं औताकडं बघितलं, मग दिराच्या पायाकडं.

"उगवली की आनून देतो, भावजी. चल रं पिराजी."