सरासरीने पाच फूट

एका जंगलात, बाळांनो, बर्फ पडत नसे. बर्फ पडे तो वरच्या पठारावर, खिंडीच्या पलीकडे. हिवाळा आला की जंगलातले सगळे प्राणी दोन दिवस वर जात, बर्फात लोळत, नाकं लाल करून परत येत आणि पुढचे दहा महिने त्याच गप्पा मारत.

या गप्पांत तोंड उघडता येत नसे ते फक्त वामनराव अस्वल आणि त्यांच्या पत्नी यमुनाबाई यांना. अस्वलं थंडीत झोपतात, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेलच. मार्गशीर्षाची पौर्णिमा आली की दोघांचे डोळे मिटत, ते फाल्गुनात उघडत.

"बर्फ असतो तरी कसा हो?" यमुनाबाई दर उन्हाळ्यात विचारायच्या.

"पांढरा असतो म्हणतात."

"पांढरा तर ससाही असतो."

वामनरावांना फार वाईट वाटे. एवढा मोठा देह, एवढं मोठं नाक, आणि बायकोला बर्फ सांगता येऊ नये!

म्हणून एका वर्षी त्यांनी ठरवलं, यंदा जागायचं. बर्फ पाहायचा. नुसता पाहायचा नाही, त्यावरून हिंडायचं. त्यांनी बर्फावरची फटफटी घेतली. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रबरी पट्टा आणि आवाज असा की शेजारच्या झाडावरची वटवाघळं दिवसाढवळ्या पत्ता बदलून गेली. फटफटी पावणेचार फूट रुंद होती. हा आकडा लक्षात ठेवा. जंगलात तो कुणीच ठेवला नाही.

"मी झोपते," यमुनाबाई म्हणाल्या. "माझ्याच्यानं नाही जागवत. तुम्ही नीट बघून या आणि उठल्यावर मला सांगा. पण या खेपेला 'म्हणतात' नको."

"नाही म्हणणार," वामनराव म्हणाले. त्यांनी तसा शब्दच दिला.

आता अडचण अशी की पठारापर्यंतची वाट दगडाची. फटफटी चाले फक्त बर्फावर. ती पठारावर न्यायची तर ट्रेलर हवा, तोही चारी बाजूंनी बंद, म्हणजे वाटेत धूळ बसायला नको.

तुमच्यापैकी एकाने हात वर केलाय. वामनराव चालत का गेले नाहीत, असं विचारायचंय ना? खाली बस. फटफटी घेतल्यावर चालत कोण जातं?

तशीच दुसरी फटफटी सर्जेराव रानडुकराने घेतली होती. तेव्हा ठरलं, ट्रेलर एकच, फटफट्या दोन, आणि ओढायला गवेकाका. सदानंद तरसाचं ट्रेलरचं दुकान होतं. तो हसत हसत म्हणाला, "लांबी-उंची ठरलेली आहे. रुंदी तेवढी सांगा. ही ही ही! सांगाल ती बनवतो."

वामनराव थेट चिमाताईंकडे गेले. चिमाताई म्हणजे शिंपी पक्षीण, पानं शिवून घरटं करणारी. देह मुठीत मावेल एवढा, पण गळ्यात कायम टेप. त्यांनी फटफट्या मोजल्या. खिंडीपर्यंत उडत जाऊन खिंड मोजली. परत येऊन वामनरावांची बैठक मोजली, तेव्हा त्यांना मध्ये दोनदा दम खायला थांबावं लागलं.

"साडेआठ फूट," त्या म्हणाल्या. "बाहेरून साडेआठ. खिंड नऊची आहे, निघून जाल. आत दोन्ही फटफट्या शेजारी शेजारी बसतील. तुम्ही आधी आत जा, सर्जेरावांच्या रिकाम्या जागेत उतरा आणि बाहेर या. मग ते येतील. त्यांना काय, ते मागच्या मागे उडी मारतील."

"आणि कमी घेतला तर?"

"तर फटफटी बसेल, वामनराव. तुम्ही उतरणार नाही."

इतकं सोपं होतं. तिथेच गोष्ट संपायची. पण त्या जंगलात एक प्रथा होती. कुणाचंही मन दुखवायचं नाही, म्हणून कुठलाही आकडा एकट्याने ठरवायचा नाही. सभा भरवायची, प्रत्येकाने आपला आकडा सांगायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि जितके बोलले तितक्यांनी भागायचं. पाणवठ्याची खोली अशीच ठरली होती. ती जिराफाला घोट्यापर्यंत आणि सशाला डोक्यावरून होती. पण भांडण नव्हतं!

मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थीला सभा बोलावली. कासव सभासद होतं. ते अष्टमीला पोहोचलं.

तेवढ्या चार दिवसांत वामनरावांना जांभया सुरू झाल्या. पहिली साधी होती. दुसरीत एक माशी आत जाऊन, फिरून, परत आली. जागं राहण्यासाठी त्यांनी काय काय केलं! पहाटे ओढ्यात डुंबले. मिरच्या खाल्ल्या. साळिंदराला विनंती करून त्याच्या शेजारी टेकून बसले. साळिंदर बिचारं संकोची, त्यानं काटे मिटून घेतले आणि वामनराव तिथेच घोरू लागले.

"आरं उठा की!" सर्जेरावाने त्यांच्या कानात फुंकर मारली. "सभा सुरू झालीया. ज्याचा ट्रेलर त्याला मत नाय म्हणत्यात. तो म्हणं आपल्या सोयीचं बोलतो."

"मग कोण बोलणार?"

"ज्यांना ट्रेलर नको हाय, ते."

अध्यक्ष दादासाहेब हत्ती उठले. त्यांनी रुंदी या विषयावर सूर्य झाडामागे जाईपर्यंत भाषण केलं आणि शेवटी म्हणाले, "पंधरा फूट. त्याखाली मला गुदमरतं."

"साडेआठ," चिमाताई म्हणाल्या. "मी मोजलंय."

"तुमचं मत नोंदवलं," दादासाहेब मायेने म्हणाले. "पुढे."

"चिमाताई म्हणते तेच. साडेआठ," गवेकाका म्हणाले. "ओढणार मी आहे."

ससा म्हणाला, दोन फूट पुष्कळ झाले. उंदीर म्हणाला, अर्धा. जास्त जागा असली की पाहुणे राहायला येतात. अजगराने बराच विचार केला. "मला रुंदी हा प्रकारच कळत नाही," तो म्हणाला. "पण उंदीर म्हणतो ते ऐकायला बरं वाटलं. अर्धा." उंदीर दोन पावलं मागे सरकला.

शेवटी कासव. सगळे श्वास रोखून थांबले. त्यातही बराच वेळ गेला.

"शून्य," कासव म्हणालं. "ट्रेलर म्हणजे नुसता थाट आहे."

बेरीज पस्तीस झाली. बोलणारे सात होते. सातांनी भागलं आणि उत्तर पाच फूट आलं. बाकी काही उरलं नाही, तेव्हा तर जंगलाला गहिवरून आलं. इतका स्वच्छ भागाकार कित्येक वर्षांत झाला नव्हता. दादासाहेबांनी सोंड वर केली, माकडांनी टाळ्या वाजवल्या, आणि सदानंद तरस तर हसून हसून पानांत लोळला. अर्थात तो रोजच लोळे.

"अहो, पाच फूट म्हणजे बाहेरून पाच!" चिमाताई ओरडत होत्या. "भिंतींची जाडी गेली की आत चार फूट आठ इंच! त्यात ते बसतील, पण उतरतील कसे?"

"ताई," दादासाहेब म्हणाले, "तुमचं साडेआठ त्यात आहेच की. सात भागांतला एक भाग तुमचाच आहे."

वामनरावांचं लक्ष आकाशातल्या चंद्राकडे होतं. तो रोज थोडा फुगत होता, आणि तसतशा त्यांच्या पापण्या जड होत होत्या. आता भांडायला वेळ नव्हता. चुकीचा का होईना, ट्रेलर हवा होता.

त्रयोदशीला ट्रेलर आला. काय देखणा होता म्हणून सांगू! तांबडा रंग, मागे दार, दाराला झालर. चतुर्दशीला सकाळी सगळं जंगल निरोप द्यायला जमलं. वामनरावांनी फटफटी सुरू केली आणि दारापुढे अंथरलेल्या ओल्या पाल्यावरून धडधडत आत घातली. फटफटी अगदी पेटीत बांगडी बसावी तशी बसली. पाठोपाठ सर्जेरावाने आपली फटफटी घातली आणि मागच्या मागे उडी मारून तो बाहेर आला.

वामनराव आले नाहीत.

"या की बाहेर," सर्जेराव म्हणाला.

"येतो," आतून आवाज आला. मग बराच वेळ खुडबुड ऐकू आली. ट्रेलर डावीकडे झुकला. ट्रेलर उजवीकडे झुकला. "सर्जेराव, माझी डावी मांडी डाव्या भिंतीला लागली आहे."

"मंग उजवी काढा."

"ती उजव्या भिंतीला लागली आहे."

मागे सर्जेरावाची फटफटी होती. समोर भिंत होती. आणि या फटफट्यांना मागे जाण्याची सोय नसते, हे कुणालाच आठवलं नव्हतं. चिमाताईंना आठवलं होतं, पण त्यांचा सातवा हिस्सा बोलून झाला होता.

दादासाहेब गंभीर झाले. "बाहेर कसं काढायचं यावर उद्या सभा घेऊ. कासवाला निरोप पाठवा."

"नको!" ट्रेलरच्या आतून अशी आरोळी आली की झालर उडाली. "दादासाहेब, तुमच्या पाया पडतो. म्हणजे वाकता येत नाही, पण पडलो असं समजा. सभा नको. उद्या पौर्णिमा आहे. मी असाच बसतो. पण मला वर न्या! मी यमूला शब्द दिलाय!"

गवेकाकांनी कुणाला विचारलं नाही. त्यांनी जू मानेवर घेतलं आणि ते चालू लागले. सर्जेराव आणि निरोप द्यायला आलेले आणखी काही जण ट्रेलरमागून निघाले. शेवटच्या क्षणी चिमाताई दाराच्या फटीतून आत शिरल्या आणि फटफटीच्या दांड्यावर जाऊन बसल्या.

आता जरा विचार करा. आत अंधार, ऊब, दोन्ही बाजूंनी भिंती टेकलेल्या आणि खालून हलकेच हेलकावे. अस्वलाला झोपवायचं म्हणून कुणी मुद्दाम बनवलं असतं तरी याहून बरं बनलं नसतं.

"वामनराव, झोपू नका."

"झोपलो नाही. डोळे विसावलेत."

चिमाताईंनी त्यांच्या नाकावर चोच मारली. गाणी म्हटली. पाढे म्हणायला लावले. सत्तावीसच्या पाढ्याने तर उलटाच परिणाम झाला. मग त्या एका खिळ्याच्या भोकाला डोळा लावून बाहेरचं सांगू लागल्या.

"खिंड आली. दोन्हीकडे ऐसपैस जागा आहे. साडेआठचा सहज गेला असता."

"जाऊ द्या हो, ताई."

"जाऊ दिलं. चढ लागला. आता झाडं संपली. आता... वामनराव! वामनराव, आला!"

"कसा आहे?" वामनरावांची जीभ जड झाली होती. "लवकर सांगा. पांढरा आहे, असं नका सांगू."

चिमाताईंनी इतकी वर्षं पानं शिवली होती, पण एवढं मोठं काही एका तुकड्यात पाहिलं नव्हतं. "शिवण कुठेच नाही, हो," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडूच आलं.

मागचं दार उघडलं. सर्जेरावाची फटफटी सगळ्यांनी शेपटाला धरावी तशी धरून ओढून काढली आणि तो बसून भुर्रकन निघूनही गेला. मग सगळे वामनरावांच्या मागे लागले. ओढलं, ढकललं, मोजून "एक, दोन, तीन" केलं. वामनराव हलले नाहीत. त्यांचे डोळे मिटले होते.

"गेले," गवेकाका म्हणाले. "फाल्गुनात भेटतील."

चिमाताई मात्र ट्रेलरमधून बाहेर पडल्या, बर्फावर उतरल्या, चोचभर बर्फ घेतला आणि परत आत येऊन तो वामनरावांच्या ओठांवर ठेवला. मग दुसरी चोच. मग तिसरी. सातव्या चोचीला वामनरावांचा एक डोळा किलकिला झाला. जीभ बाहेर आली. बर्फ आत गेला.

"गार आहे," ते पुटपुटले. मग त्यांच्या केसाळ तोंडावर असा आनंद पसरला की चिमाताई दांड्यावर नाचू लागल्या. "आणि ताई, याला चवच नाही!"

एवढं बोलून ते घोरू लागले.

त्यांना तसंच ट्रेलरसकट परत आणलं आणि गुहेच्या तोंडाशी ठेवलं. फाल्गुनात यमुनाबाई जाग्या झाल्या. पाहतात तर दारात तांबडा डबा, आणि आत नवरा. तीन महिन्यांत वाळलेले वामनराव सहज उतरून बाहेर आले.

"पाहिलात?" यमुनाबाईंनी विचारलं. "म्हणतात नको हं."

वामनराव सरळ उभे राहिले. "त्याला शिवण नसते, असं चिमाताई म्हणतात," ते म्हणाले. "पण त्याला चव नसते, हे मी सांगतो. मी खाल्लाय."

"चवच नसते?"

"अजिबात नाही!"

यमुनाबाईंनी दोन्ही पंजे गालांवर ठेवले. इतक्या वर्षांत पांढरा, गार, मऊ, सगळं कानावर आलं होतं. हे कुणीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी पाणवठ्यावर जाऊन ज्याला त्याला थांबवून सांगितलं आणि परत येऊन म्हणाल्या, "पुढच्या हिवाळ्यात मीही जागणार. दोघं जाऊ. ट्रेलर मात्र जरा रुंद लागेल, नाही का?"

चिमाताईंनी आनंदाने गळ्यातला टेप काढला. तेवढ्यात पलीकडून सोंडेचा मोठा आवाज आला. दादासाहेबांना कळलं होतं. सभा ठरली होती, आणि कासव निघालंसुद्धा होतं.

वामनरावांनी तोंड उघडलं आणि ऐन फाल्गुनात एक मोठी जांभई दिली.

तात्पर्य : जाणत्याचं मत जरूर घ्यावं, त्यामुळे भागाकारात एक आकडा वाढतो. आणि माप चुकलं तरी घाबरून जाऊ नये. आत बसलेल्याला झोप लागली की कुठलंही माप बरोबरच असतं.